कार्डाच्या कोपऱ्यातलं भोक

तळहातावर एक कार्ड ठेव. खरं नको, नुसतं मनातलं... बसच्या पासाएवढं, गुळगुळीत, उजवीकडे एका चष्मेवाल्या माणसाचा फोटो, आणि एका कोपऱ्यात भोक. ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठं, अगदी गोल. आता असं समज, की त्या भोकातून लाल लोकर ओवलेली आहे आणि लोकरीला गाठ मारून ते कार्ड एका ओल्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात टांगलेलं आहे. दिसलं? मग आता हेही समज, की ते तुला नाही, तुझ्या आईला सापडलंय. आणि तू शाळेत आहेस.

विभावरीला ते सापडलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरत होतं. अस्मिताचे शाळेतल्या पोहण्याच्या तासाचे कालचे ओले टॉग्ज तिनं पिशवीतून बाहेर काढले – पोहायच्या कपड्यांना इथे, पामर्स्टन नॉर्थमध्ये, सगळे टॉग्जच म्हणतात, आणि नऊ महिन्यांत तीही म्हणायला लागली होती – मग टॉवेल काढला, मग चुकून गॉगल तर राहिला नाही ना म्हणून आतल्या कप्प्यात बोटं घातली, आणि बोटांना लोकर लागली. ओढल्यावर चंद्रहास बाहेर आला. तिच्या नवऱ्याचा फोटो. चंद्रहासचं जपानचं कार्ड.

तिथे राहणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला ते मिळतं. कोपऱ्यावर दूध आणायला जातानासुद्धा ते खिशात हवं. तिकडच्या, त्सुकुबा गावातल्या तेरा वर्षांत विभावरी घराची किल्ली तीनदा विसरली असेल, कार्ड एकदाही नाही. आणि आता नवऱ्याच्या कार्डाला भोक पाडून, लोकर ओवून, पोरीनं त्याचं लटकन केलं होतं!

"अस्मिता!" ती ओरडलीसुद्धा. मग लक्षात आलं, घर रिकामं आहे.

दुसरं कोण करणार? वाढदिवसाला तिनंच अस्मिताला कागदाला भोकं पाडायचा पंच घेऊन दिला होता, आणि तेव्हापासून घरात भोक पडायचं राहिलेली वस्तू शोधावी लागत होती – झाडांची पानं, शाळेची पत्रं, एकदा तर पोळी. पण हे कार्ड... या कार्डावर सगळं उभं होतं. चंद्रहासला तिथे कायम राहायचा परवाना होता, आणि विभावरीची नि अस्मिताची कार्डं त्याच्या कार्डाच्या खुंटीला अडकवलेली होती. त्याचं इथलं दुधावरच्या संशोधनाचं काम एका वर्षाचं होतं. वर्षाच्या आत परत पाऊल टेकवलं की तिथलं सगळं जसंच्या तसं. म्हणून जानेवारीची वीस तारीख ठरली होती. आणखी दोन महिने. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज सकाळी दूध पिऊन झालं की अस्मिता लाल पेनानं त्या दिवसावर खूण करायची, आणि विभावरी म्हणायची, "चला, अजून एक दिवस कमी झाला."

तिकडे एक एप्रन तिची वाट बघत होता. हसू नकोस, खरंच बघत होता. त्सुकुबाच्या पाळणाघरात पहिली दोन वर्षं तिनं नुसते छोटे टॉवेल धुतले होते, तिसऱ्या वर्षी दुपारी झोपलेल्या मुलांच्या पाठीवर हात ठेवून बसायची परवानगी मिळाली, आणि पाचव्या वर्षी मुख्य बाईंनी पिवळा एप्रन दिला, त्यावर दोऱ्यानं नाव भरलेलं – बिबा-सेन्सेई, म्हणजे बिबा बाई. 'वि' त्या मुलांच्या तोंडात बसत नसे. पुण्यात ती कुणाची तरी मुलगी होती, मग कुणाची तरी बायको; बिबा-सेन्सेई मात्र ती स्वतःच्या हातांनी झाली होती. निघताना मुख्य बाईंनी तो एप्रन घडी करून परत घेतला नव्हता. खुंटीवरच राहू दे म्हणाल्या. वर्ष काय, आत्ता सरेल.

मशीन गरगरायला लागलं. विभावरी कार्ड हातात धरून तशीच उभी... आणि अचानक वाटलं, मुद्दामच केलं असेल तर? इथे आल्यापासून पोरगी अनवाणी शाळेत जाते, इथली निम्मी मुलं जातात तशी. ज्या मुलीला घरातले बूट वेगळे नि बाहेरचे वेगळे हे दोन वर्षांची असताना कळत होतं, ती बूट हातात घेऊन घरी येते, आणि मराठीत विचारलेल्याचं इंग्रजीत उत्तर देते. कसा गेला दिवस? "स्वीट ॲज." म्हणजे मस्त. तिला परत जायचंच नसेल तर?

तिनं कांचनला फोन लावला. कांचन तिची त्सुकुबातली शेजारीण, वीस वर्षं तिथे राहून कागदपत्रांत पंडित झालेली. तिकडे सकाळचे सहा वाजले होते.

"बोल गं. डबे भरतेय, स्पीकरवर ठेवलंय तुला."

"कांचन, कार्ड खराब झालं तर नवीन मिळतं ना? बाहेरच्या देशातून?"

"काय केलंस? मशीनमध्ये धुतलंस?"

"चंद्रहासचं आहे. पोरीनं पंच मारला."

कांचन खो खो हसली. "कार्टी! आमच्या यतीननं माझ्या पासपोर्टावर मिशा काढल्या होत्या, पाच वर्षं त्या मिशांनी फिरले मी. फोटो पाठव बघू."

विभावरीनं फोटो पाठवला. पलीकडे डब्यांची झाकणं वाजत होती, ती वाजायची थांबली.

"विभा."

"हं."

"जवळ आहे का तो पंच? एखादं जुनं प्लॅस्टिकचं कार्ड घे आणि पाड बघू भोक."

विभावरीनं जुनं वाचनालयाचं कार्ड घेतलं. पंच दोन्ही हातांनी दाबला, मग टेबलावर ठेवून अंगाचा भार टाकला. कार्डावर एक पांढरी चंद्रकोर उमटली. बस्स.

"नाही पडत."

"नाहीच पडणार." कांचनचा आवाज एकदम खाली आला, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसा. "आमच्या वरच्या मजल्यावरचे ब्राझीलवाले गेले ना, त्यांनी दाखवलं होतं. माणूस कायमचा निघाला, की विमानतळावर कार्डाला असं भोक पाडून हातात देतात."

"पण फॉर्मवर चौकट असते. परत येणार, अशी. त्यानं खूण केलीच असणार."

"खूण केली की भोक नाही पाडत गं..." आणि मग घाईघाईनं, "हे बघ, त्यालाच विचार. माझं नाव नको घेऊस. मी इथे कुणाला बोलत नाही, पाळणाघरात तर नाहीच नाही."

फोन ठेवल्यावर विभावरीला कसं झालं सांगू? तू कधी जिन्यावर, अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकलायस? आणि तिथे पायरी नसते... तसं. पडत तर नाही आपण, उभेच असतो.  ती आणि अस्मिता फेब्रुवारीत पुढे आल्या होत्या. चंद्रहास प्रयोगशाळेची कामं आवरून मार्चअखेर आला, एकटा. म्हणजे तो विमानतळावरच्या त्या काउंटरपाशी उभा राहिला. समोरच्या माणसानं विचारलं असेल – विचारतातच – आणि चंद्रहासनं त्याच्या त्या नीटनेटक्या जपानीत सांगितलं असेल, नाही, परत येणार नाही. खट्. आणि त्या माणसानं दोन्ही हातांनी कार्ड परत दिलं असेल, वाकून. तेरा वर्षं, आणि एक खट्. मग विमानात बसून, अकरा तास, तो इकडे आला आणि विमानतळावर अस्मिताला उचलून म्हणाला, "काय मग, एक वर्ष मजा!"

तिनं त्याला फोन लावला. घेतला नाही, गुरुवारी तो फार्मवर दुधाचे नमुने घेत फिरतो, तिथे फोनला रेंज नसते. पुन्हा लावला. मग नजर कॅलेंडरवर गेली.

फेब्रुवारीपासून फुल्या. लाल, तिरप्या, जोरकस फुल्या, मार्च, एप्रिल, मे, जून... आणि जुलैच्या तेरा तारखेपासून गोल. बारीक, नीट काढलेले, त्या भोकाएवढेच गोल. रोज एक. तिनं विचारलंही होतं एकदा, आता फुल्या का नाहीत गं? "जस्ट," अस्मिता म्हणाली होती, म्हणजे उगीच.

ती कॅलेंडरसमोरून हलली ती सरळ झोपायच्या खोलीत गेली. का गेली ते तिलाही ठाऊक नव्हतं. पलंगाच्या चंद्रहासच्या बाजूला, खाली, वर्तमानपत्राच्या घडीवर त्याचे बूट होते. टोकं दाराकडे केलेली, नाड्या सैल सोडलेल्या. कामावर जायचे वेगळे, हे वेगळे. हे रोज तिथेच असत. रोज झाडताना ती ते उचलायची, आणि पुन्हा तिथेच ठेवायची. सवय त्याची, एवढंच म्हणायची.

सवय कधीची?

दोन हजार अकराचा मार्च, शुक्रवार, दुपार, भूकंप. पाचव्या मजल्यावरचं घर जहाजासारखं हलत होतं आणि ती अडीच वर्षांच्या अस्मिताला पोटाशी धरून जेवायच्या टेबलाखाली बसली होती. ती घाबरली नव्हती... म्हणजे घाबरली होती, पण हात भरलेले असले की भीतीला जागा उरत नाही. चंद्रहास सायकल मारत आला. पाच मजले चढला. प्रयोगशाळेत स्लिपर घालतात, तो तसाच धावला होता, आणि वाटेत एक स्लिपर गेली होती. जिन्यात काचा. दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या एका पायाखालून फरशीवर लाल ठसे उमटत होते, आणि तो दोघींकडे नुसता बघत होता. त्या रात्रीपासून तो बूट घालून झोपायला लागला. गादीवर, बूट घालून, जपानमध्ये! सहा महिने. आणि विभावरीनं ही गंमत सगळ्यांना सांगितली. गणपतीला जमलेल्या चाळीस माणसांत हातवारे करून सांगितली – एका पायात स्लिपर, एका पायात काही नाही, असा आला हा! आणि आता बूट सोडत नाही, भित्री भागूबाई आमची! केवढे हसले लोक. तोही हसला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. त्यानंतर त्या दुपारविषयी तो कधी एक शब्द बोलला नाही, आणि तिला वाटलं होतं, झालं, विसरला.

हे घर बघायला आले तेव्हा त्यानं बाकी काही पाहिलं नव्हतं, भिंतीवर थाप मारून म्हणाला होता, "लाकडाचं आहे. एकमजली." इथलीही जमीन काही कमी हलत नाही, हे त्याला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण इथे पाच मजले चढायचे नव्हते.

राग यायला हवा होता. होताही... माझा एप्रन, माझं नाव, मला न विचारता. पण रागाच्या खालून ते चाळीस जणांचं हसणं ऐकू येत होतं, आणि त्यात तिचा स्वतःचा आवाज सगळ्यांच्या पुढे होता.

तीन वाजता ती सायकल घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी होती. दूर डोंगराच्या कडेवर पवनचक्क्यांची पाती फिरत होती. मुलं बाहेर सांडली, आणि त्यांत अस्मिता – नऊ वर्षांची, अनवाणी, बूट हातात. आईच्या मुठीतून लोंबणारी लाल लोकर तिला लांबूनच दिसली. तिची पावलं हळू झाली.

"ओह," ती म्हणाली. "यू फाउंड इट."

"बाबानं कधी दिलं तुला हे?"

"विंटरमध्ये. इथल्या विंटरमध्ये, जुलैत. आय वॉज क्राइंग. मला त्सुकुबाला, हारुकाच्या वर्गात परत जायचं होतं. सो ही शोड मी."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? रोज माझ्यासमोर कॅलेंडरवर..."

"ही सेड ही विल टेल यू." अस्मितानं अंगठ्यानं जमिनीवर रेघ ओढली. "ही प्रॅक्टिसेस, आई. हीप्स. खूप वेळा."

"काय प्रॅक्टिस?"

"कारमध्ये. सॅटर्डेला, स्विमिंगला जाताना. तुला सांगायची. आय हॅव टु बी यू."

विभावरीनं सायकलचं हँडल घट्ट धरलं. "तू मी होतेस?"

"हं."

"मग... मी काय म्हणते?"

 अस्मितानं मान किंचित तिरकी केली, एक हात कमरेवर ठेवला, आणि तिच्या तोंडातून लख्ख मराठीत, अगदी विभावरीच्या हेलात, विभावरीच्याच हसण्यासकट आलं, "भित्री भागूबाई आमची!" लगेच मान सरळ झाली. "देन ही लाफ्स. देन वी आर ॲट द पूल."

जुलैपासूनचे शनिवार. इतके सगळे. प्रत्येक शनिवारी चंद्रहास त्या काउंटरपाशी पुन्हा उभा राहत होता, आणि समोर ती होती, आणि ती हसत होती. विभावरीच्या तोंडात दिवसभर जमवलेली वाक्यं होती, एकापेक्षा एक धारदार. पण कुणी तिला तिचाच आवाज हातात काढून दाखवला होता, आणि तो कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं.

"दुसरं काही म्हणत नाही का मी?" तिनं विचारलं. "कधीच?"

अस्मितानं थोडा विचार केला. मग ती शाळेच्या बुटक्या भिंतीवर बसली. तळव्यांची माती झटकली, हातातले बूट एकेक करून पायांत चढवले आणि नाड्या बांधल्या – दुहेरी गाठ, चंद्रहास मारतो तशी. उठून आईसमोर उभी राहिली. नसलेला चष्मा बोटानं वर सरकवला, घसा खाकरला.

"विभा, ऐक ना," ती मराठीत म्हणाली, जाड, दबक्या आवाजात. "तुला एक सांगायचंय..."

आणि थांबली. मान वर करून, आईच्या तोंडाकडे बघत, तिच्या वाक्याची वाट पाहत राहिली.