एकीचं रक्त दोन कार्डांवर

मले गावात तोंडाळ म्हणतात. म्हणू द्या. धामनखेडात आज घडीले अकरा गरोदर बाया आहेत अन् त्याईच्या मागं फिरणारी आशा वर्कर मी एकटी. गोळ्या खाल्ल्या का, सुई घेतली का, कार्ड कुठी ठेवलं, नऊ तारखेले तपासणीले काहून नाई आली, हेच विचारता विचारता माही बारा वर्षं गेली. गोड बोलल्यानं कोणी गोळी गिळत असतं तं मीबी साखर घोळून बोलली असती.

नऊ तारीख म्हणजे आमच्या आरोग्य केंद्रात गरोदर बायाईच्या तपासणीचा दिवस. वजन करतात, बीपी पाहतात, बोटाले टोचून रक्त पाहतात अन् सगळे आकडे कार्डावर लिहून देतात. ऐंशी-नव्वद बाया येतात. डॉक्टर एक, सिस्टर एक, अन् रक्त पाहणारा पोरगा एक. तोंडाकडं पाहाले कोणाले फुरसत नाई, हातात कार्ड दिसलं की झालं. मी सकाळी गावातल्या बाया ऑटोत बसवून द्यायची अन् तशीच सर्व्हेले पळायची. कधी कुष्ठरोगाचा सर्व्हे, कधी डासाच्या अळ्या, कधी कोणाचे कार्डं काढून द्या. जगात जे काम कोणाचंच नाई, ते आशाचं असते.

तं आमच्या गावात विमलताई आहेत. चांगलं वीस एकराचं घर, कापूस, तूर, सारं काई. दोन सुना, अन् यंदा दोघीईले संगच दिवस गेले. थोरली वैष्णवी, तिची दुसरी खेप. धाकटी समीक्षा, पहिलटकरीण, वैष्णवीच्या एक महिना मागं. दुसऱ्या कोणाच्या घरी पेढे वाटले असते. विमलताईच्या घरी सुतक पडल्यावानी झालं. एका घरात दोन पोटुशा बाया असल्या की त्याईनं एकमेकीचं तोंड पाहू नाई, एका दिवशी दोघीईनं उंबरा ओलांडू नाई, नाईतं एकीचं लेकरू दुसरीच्या लेकराले भारी पडते, असं त्याईच्या डोक्यात बसलेलं. म्हणून समीक्षा समोरच्या खोलीत अन् वैष्णवी मागच्या पडवीत. जेवण बी वेगवेगळ्या वक्ती.

मी म्हनलं, "काकू, नऊ तारीख महिन्यातून एकदाच येते. दोघी एका ऑटोत बसल्यानं काई होत नाई."

"तुह्या घरी दोन सुना आल्या की बसवजो तू," त्या म्हणे.

किती वेळा त्या ओट्यावर जाऊन घसा कोरडा केला असन. वैष्णवी तं कधी हाताले लागतच नोती. जाव तवा ती वावरात गेलेली. कापूस फुटला, मजूर मिळत नाई, मंग सून आहेच. मी गोळ्या विमलताईच्या हातात द्यायची, बडबड करायची अन् निघून यायची. पण मंग एक नवल झालं. सप्टेंबरपासून दोघीईचे कार्डं भरून याले लागले. वजन, बीपी, रक्त, सगळे खाने भरलेले, सिस्टरची सही. मी म्हनलं चला, बुढीच्या डोक्यात उजेड पडला. मीटिंगमध्ये मॅडमले मोठ्या तोऱ्यानं सांगतलं बी, का समजावून सांगतलं की लोकं ऐकतात.

डिसेंबरात एका दुपारी मी त्याच घरच्या ओट्यावर बसून दोन्ही कार्डं रजिस्टरात उतरवून घेत होती. विमलताई कार्डं एका प्लास्टिकच्या पन्नीत ठेवत. उतरवता उतरवता माहा पेन थांबला. वैष्णवीचं रक्त अकरा पॉइंट दोन. समीक्षाचं अकरा पॉइंट दोन. मागच्या महिन्यात दोघीईचं अकरा. त्याच्या मागच्या महिन्यात दोघीईचं दहा पॉइंट आठ. बीपी बी तेच. वजनात फक्त अर्ध्या किलोचा फरक. मी म्हनलं असं कसं बापा, जुळ्या बहिणी असत्या तरी असं येत नाई. पन्नीत वैष्णवीच्या पहिल्या बाळंतपणाचं जुनं कार्ड बी होतं. त्याच्यावर रक्तगट ओ. नव्या कार्डावर ए. माणसाचं वजन बदलते, घर बदलते, बाईचं तं आडनाव बी बदलते, पण रक्तगट काई बदलत नाई.

समीक्षा समोरच होती, तूर निसत. मी दोन्ही कार्डं तिच्यासमोर धरले.

"हे काय आहे वं?"

पोरगी पहिले लाल झाली अन् मंग रडाले लागली. सगळं भडाभडा निघालं. तपासणीले ती एकटीच जात होती, माहा ऑटो निघाल्यावर मागून यष्टीनं. पहिले आपलं कार्ड घेऊन रांगीत उभी राहाची. मंग बाहेर जाऊन तोंडाले ओढणी बांधाची अन् वैष्णवीचं कार्ड घेऊन पुन्हा रांगीत लागाची. पहिल्या वेळी उजव्या हाताचं बोट, दुसऱ्या वेळी डाव्या हाताचं.

"अन् वजन? अर्धा किलो कसा वाढला?"

"मधी दोन गिलास पाणी पेत होती," ती म्हणे.

मले हासाव का तिच्या कानाखाली वाजवाव ते समजेना. एवढी अक्कल या घरातल्या बाया खऱ्या कामाले लावत असत्या तं माहा अर्धा त्रास वाचला असता. मी विचारलं, "कोणं शिकवलं हे?" तिनं घराकडं पाह्यलं. तेवढ्यात विमलताई आतून आल्या. मले काय समजायचं ते समजलं.

"काकू, तुमच्या त्या उंबऱ्यापायी सुनेचा जीव घेता काय?"

"म्या काय केलं? म्या एका दिवशी दोघी जाऊ नोका म्हनलं. दोघीईचे कार्डं भरून आले, मले वाटलं तूनंच काई सोय लावली."

माहा एका अक्षरावर विश्वास बसला नाई. मी तशीच चप्पल घालून वावराकडं निघाली.

वैष्णवी कापसात होती. कमरेले ओटी बांधलेली, त्यात वेचलेला कापूस, म्हणून पोट कुठी संपते अन् ओटी कुठी सुरू होते तेच दिसत नोतं. मले पाहून ती मागं सरकली, दोन ओळी सोडून पलीकडच्या काकरात जाऊन उभी राह्यली. मी दंड धरून थांबवलं अन् डोळ्याची खालची पापणी ओढून पाह्यली. आतमधी लाल असाले पाहिजे. तिच्या पापणीत पांढरंफक. नखं पांढरी, जीभ पांढरी, पायावर सूज एवढी का बोट दाबलं तं खड्डा तसाच राह्यला. चार पावलं चालली की धाप.

"कधीपासून असं होते?"

"थोडंसं राह्यलं ताई, एवढी ओळ वेचून घेतो."

तिच्यावर मी काय काय ओरडली ते आता सांगत नाई. बाजूच्या वावरातले लोकं उभे राहून पाहाले लागले. तिचा नवरा अक्षय धावत आला, त्याले बी सोडलं नाई. मंग एकशे दोनची सरकारी गाडी बोलावली.

आरोग्य केंद्रात या खेपेले तिचं स्वतःचं बोट पहिल्यांदा टोचलं. पाच पॉइंट आठ. अकराच्या वर पाहिजे, सातच्या खाली गेलं का जीवाले धोका, अन् ही बाई पाच पॉइंट आठवर रोज कापूस वेचत होती. बाळंतपणात दोन पेले रक्त जास्त गेलं असतं तं ती टेबलावरून उठली नसती. डॉक्टर कार्ड पाहत अन् मशीन पाहत. मंग त्याईनं सगळा राग माह्यावर काढला. समोर चाळीस बायाईची लाईन. गाव तुमचं, बाई तुमची, चार महिने झोपल्या होत्या काय, लाज वाटते का काई, असं लागोपाठ बोलले. मी मान खाली घालून उभी होती. माह्या गावच्या दोन बाया त्या रांगीत होत्या अन् एकीनं दुसरीले कोपरानं डिवचलं. मले वाटलं, आता या पायरीवर पुन्हा पाय ठेवाचा नाई.

मंग तिथून यवतमाळले, मोठ्या दवाखान्यात. रक्त चढवाले सुरुवात झाली. अक्षय कागदं अन् सह्याईसाठी खालीवर पळत होता. मी वैष्णवीपाशी बसली, अन् खरं सांगतो, तिथी बी माहं तोंड बंद नोतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरचा सगळा राग पोटात होता, तो कुठी काढाव? सासूचं ऐकून मराले निघाली होती, तुले तीन वर्षांचं पोरगं आहे, त्याले कोण पाह्यलं असतं, तुले स्वतःचं तोंड नाई काय. ती छताकडं पाहत पडलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी बॅग लावली. तिच्या ओठावर थोडा रंग आल्यासारखा वाटला. मी चहा आणला, बशीत ओतून तिच्यासमोर धरला. तिनं घेतला नाई.

"आता काय झालं? चहात बी काई दोष आहे काय?"

"ताई, एक सांगू?" ती म्हणे. "रागावसान नाई ना?"

"अजून काय करून ठेवलं?"

चादरीचं टोक मुठीत धरून तशीच पडून राह्यली. मी बशी खाली ठेवली.

"बोल ना वं."

"लेकरू हालत नाई. काल संध्याकाळपासून."

पोटावर हात ठेवला, काईच नाई. मी सिस्टरले हाका मारत धावली. सिस्टर म्हणे ठोके ऐकाची मशीन आणतो, डॉक्टरले सांगतो, तिले डाव्या कुशीवर झोपवा. मी येऊन वैष्णवीले कुशीवर केलं. अन् तरी तोंडातून तेच निघालं.

"रातभर मी इथी बाजूले बसून होती. काहून नाई सांगतलं?"

"तुमाले भेतो," ती म्हणे.

"मले? मी काय खातो तुले?"

ती माह्याकडं न पाहता हळूहळू बोलली. "पाचव्या महिन्यात अंगणवाडीत तुमी विचारलं होतं, गोळ्या खातं का म्हणून. म्या खरं सांगतलं का मळमळते, ओकारी येते, मी फेकून देतो. तं तुमी साऱ्या बायाईसमोर म्हनलं, मराचं असन तं मर, पण माह्या रजिस्टरातून नाव काढून मर. बाया हासल्या. मंग मी तुमच्यासमोर आलीच नाई. तुमी आल्या का वावरात जात होती. सासूबाई दोघीईले संग जाऊ देत नोत्या, तं माह्यासाठी बरंच झालं. समीक्षाले म्याच म्हनलं, माह्या कार्डावर बी तूच बोट दे. ती नाई म्हणत होती. म्या पाया पडली तिच्या."

मले आठवलं नाई. देवाशप्पथ सांगतो, आठवलंच नाई. असं मी रोजच कोणाले ना कोणाले म्हणतो. मी मनात शोधाले लागली का पाचव्या महिन्यात कोणता दिवस होता, कोण कोण बाया होत्या, काय झालं होतं माह्या डोक्याले त्या दिवशी. काईच सापडेना. मी घरी जाऊन जेवली असन अन् झोपली असन. अन् हिनं त्या एका वाक्यापायी चार महिने स्वतःचं रक्त लपवलं.

सिस्टर मशीन घेऊन आली, मागं डॉक्टरीण बाई. सिस्टर येता येताच सुरू झाली. "कालपासून हालत नाई अन् आता सांगता? रात्री तोंड शिवलं होतं काय? लेकराले काई झालं तं आमच्यावर याले तयार."

वैष्णवीनं डोळे मिटले. ते मी पाह्यलं.

"सिस्टर, तिले नोका बोलू," मी म्हनलं. "ती कधीचीच सांगून राह्यली होती. म्याच सांगू नाई दिलं."

सिस्टरनं माह्याकडं पाह्यलं. पोटावर जेल लावलं, मशीन ठेवली. आधी नुसती खरखर. डाव्या बाजूले खरखर. खाली खरखर. डॉक्टरीण बाईनं मशीन आपल्या हातात घेतली, बेंबीच्या वरून आडवी नेली, दाबली, थांबली. मंग बारीक आवाज आला, अडखळत, मंग थोडा मोठा.

"आहे," डॉक्टरीण बाई म्हणे. "ठोके कमी आहेत. वाट पाहाची नाई, लगेच ऑपरेशनची तयारी करा."

सिस्टर धावली. अक्षयले बोलवाले कोणीतरी गेलं. मशीनमधी लेकराचा आवाज चालूच होता, साऱ्या वॉर्डात ऐकू येत होता, अन् वैष्णवी मशीनकडं पाहत नोती. ती माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती, मी रागावली का म्हणून.