शब्दन् शब्द

भिंतीवर काहीतरी जड आदळलं, तसा टेबलावरचा रेकॉर्डर जागचा हलला. पोरीने वाचन थांबवलं नाही. उलट आवाज चढवला आणि इंग्रजी धड्यातलं पुढचं वाक्य खणखणीत म्हटलं. पलीकडून एक बाई किंचाळली आणि कोणीतरी तोंड दाबावं तशी मध्येच गप्प झाली.

"थांब," संशोधक बाई म्हणाल्या. "बाहेर काय चाललंय?"

"बाबा लवकर आलेत," पोर म्हणाली. "पान संपवू का?"

शाळेत हिला सगळे मौनी म्हणत. कुटुंब या परक्या देशात आल्यापासून इंग्रजी कच्चं असलेल्यांच्या वर्गात ती सात वर्षं ठाण मांडून होती. बरोबरची मुलं वर्षा-दोन वर्षांत तिथून सुटली, ही बाकासारखी तिथेच. अशी मुलं अडकून का पडतात याचाच बाई अभ्यास करत होत्या. मौनीच्या घरची भाषा त्यांचीही असल्यामुळे हे घर त्यांच्या वाट्याला आलं होतं. घरी जाऊन मुलांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, बाकी कशात नाक खुपसायचं नाही, अशी पथकप्रमुखांची सक्त ताकीद होती. आपण टिपायला जातो, निस्तरायला नाही, हे त्यांचं पालुपद. बाईंनाही ते मनापासून पटलेलं होतं, निदान त्या दुपारपर्यंत.

"परकी माणसं घरात घेतेस?" पलीकडे बाप गरजला. मग पट्ट्याचा सपकारा ऐकू आला. मग आणखी एक.

म्हणजे हे आपल्या येण्यामुळेच. बाई उठल्या, तर मौनीने त्यांचं मनगट धरलं.

"मध्ये पडू नका. कोणी मध्ये पडलं की जास्त मारतात."

बाईंनी फोन काढला आणि पोलिसांना दबक्या आवाजात पत्ता सांगितला. मग कडीवर हात ठेवून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. पलीकडे भांडी कोसळली, काच फुटली, आणि एकदम सगळं शांत झालं. त्या शांततेनेच त्यांच्याकडून दार उघडवलं.

बाप खुर्चीत बसून पट्टा पुन्हा कमरेला लावत होता. आई जमिनीवर बसून फुटलेली काच गोळा करत होती आणि तिच्या नाकातलं रक्त काचांवर ठिबकत होतं. एक डोळा मिटलेला होता. बाईंच्या हातात फोन दिसताच बाप उठला, तो हिसकावला आणि भिंतीवर भिरकावला. फोनचे तुकडे झाले. मग त्याने बाईंचा गळा धरून त्यांना दारापाशी रेटलं. तेवढ्यात जिन्यात बूट वाजले.

दोन पोलीस आत आले. तरण्याने बापाला ओढून बाजूला केलं. थोरला दमलेला दिसत होता. त्याने बाईंना इंग्रजीत विचारलं, "हिला मारताना तुम्ही पाहिलंत?"

"नाही. मी आतल्या खोलीत होते. आवाज ऐकले. आणि त्याने माझा गळा धरला."

"तुमच्यापुरतं मी त्याला दम देऊन सोडेन. घरातल्या मारहाणीचं या बाईंच्याच तोंडून ऐकायला हवं. मारलं म्हणाल्या, तर याला आत्ता नेतो. नाही म्हणाल्या, तर निघालो. दुभाष्या मिळत नाहीये. मुली, तू विचार."

मौनीने आईला घरच्या भाषेत विचारलं. आईने आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"पाय घसरून पडले म्हणावं," ती म्हणाली. "यांनी हातसुद्धा लावला नाही."

बाप गालात हसला.

मौनी पोलिसाकडे वळली आणि इंग्रजीत बोलू लागली. "आई म्हणते, यांनी पट्ट्याने मारलं. केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. मागे हात मोडला होता तोही यांनीच. तुम्ही गेलात तर आज ते तिला जिवंत सोडणार नाहीत."

ती कुठे अडखळली नाही. सात वर्षांत तिच्या तोंडून सलग इतकी वाक्यं कुणी ऐकली नव्हती.

बापाला इंग्रजी येत नव्हतं, पण पोलिसाचा बदललेला चेहरा वाचता येत होता. तो पोरीवर झेपावला. तरण्याने त्याला भिंतीशी दाबलं, तरी लाथेने त्याने खुर्ची उडवलीच.

"हिचं काय ऐकता?" तो ओरडला. "ठोंबी आहे ती! सात वर्षं इंग्रजीत नापास होते. त्या बाईलाच विचारा!"

"काय म्हणतोय?" थोरल्याने विचारलं.

मौनीने तेही इंग्रजीत सांगितलं. ठोंबी, सात वर्षं, नापास, त्या बाईला विचारा. एक शब्द गाळला नाही.

पोलीस बाईंकडे वळला. "खरं आहे हे?"

"वर्गाचं खरं आहे."

"मग हिने आईचं सांगितलं ते? तुम्हाला यांची भाषा कळते का?"

मौनी खाली बसून आईच्या हातातल्या काचा काढून घेत होती. तिने मान वर केली नाही. पूर्वी शाळेत शिकवत तेव्हा एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी बाई मार्क कापत, मुलं त्यांना टरकून असत. गळ्यावरची बोटं अजून चुरचुरत होती.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "शब्दन् शब्द."

बेड्या पडल्या. बापाला फरफटत जिन्यावरून नेलं, आणि परत आल्यावर पोरीचं काय काय करीन ते तो खालच्या दारापर्यंत ओरडून सांगत राहिला. त्याचं इंग्रजी कुणी विचारलं नाही.

मौनी आतून रेकॉर्डर घेऊन आली. त्याचा लाल दिवा अजून चालू होता. तिने तो बाईंसमोर ठेवला. पथकप्रमुख प्रत्येक रेकॉर्डिंग स्वतः ऐकत. बाईंनी ते पुसून टाकलं.

आईने पदराने तोंड पुसलं, तुटलेला दात तळहातावर घेऊन पाहिला आणि मुठीत मिटला.

"बाई, माझ्या पोरीने नीट सांगितलं ना? कुठे चुकली नाही ना?"

"नाही. कुठेच नाही."

"मग यंदा तरी तिला त्या वर्गातून काढा."