माझ्यात नसलेलं प्रकरण

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो. माझं नाव ‘रागाला रजा’. मुखपृष्ठावर एक माणूस हसतोय. त्याच्या दातांवर चहा सांडला, तरी हसतोच आहे.

छापखान्यात सोळा-सोळा पानांचे गठ्ठे शिवून पुस्तक बांधतात. गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. माझ्या वेळी बाइंडर शेजारच्याशी कडाकडा भांडत होता. त्या भरात त्याने एक फर्मा दोनदा शिवला आणि पुढचा विसरला. म्हणून माझ्यात ‘दहापर्यंत मोजा’ हे प्रकरण दोनदा आहे आणि ‘माफी कशी मागावी’ हे एकदाही नाही.

मला दोन भावांच्या सलूनमध्ये आणलं ते धाकट्याने.

“वाच जरा, दादा. लोक इथे दाढीला येतात, जीव मुठीत धरायला नाही.”

दादाच्या नाकावर राग आणि हातात वस्तरा! पण तो वाचू लागला. राग आला की डोळे मिटायचे, दीर्घ श्वास घ्यायचा, दहापर्यंत मोजायचं. गिऱ्हाइकं सैलावली. मला पावडरच्या डब्याशेजारी मानाची जागा मिळाली.

राग आला की डोळे मिटायचे, दीर्घ श्वास घ्यायचा, दहापर्यंत मोजायचं. (हे येऊन गेलं का? माझी शिवणच तशी, मित्रांनो. सांभाळून घ्या.)

एकदा धाकट्याच्या हातून एका गिऱ्हाइकाचा कान जरासा कापला. दादा मोजायचं विसरला. भरल्या दुकानात ओरडला, “तू आपला झाडू धर! वस्तऱ्याला हात लावू नकोस!”

धाकटा गुपचूप निघून गेला. समोरच्या सलूनमध्ये त्याने काम धरल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. दादाने मला उघडलं. अनुक्रमणिकेत माफी होती, पोटात नव्हती. त्याने मला उलटं धरून झटकलं. एक केस पडला, तोही गिऱ्हाइकाचा.

इतक्यात धाकटा आपल्या कात्र्या न्यायला आला. माफी येत नव्हती, म्हणून दादाने येत होतं तेवढं केलं. डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला.

“एक... दोन...”

“म्हणजे? दहाच्या आत चालता होऊ?”

“तीन...”

“जातोय ना! कात्र्या तरी घेऊ दे.”

“अरे, तुला हाकलायला नाही मोजत!”

“मग?”

“पुढची पानंच नाहीत रे यात!” दादाने मला त्याच्या नाकासमोर धरलं.

धाकट्याने पानं चाळली. हसू दाबत म्हणाला, “बरं. मग आता?”

आजवर दादाने आपली दाढी कुणाला करू दिली नव्हती. तो धाकट्याच्या खुर्चीत बसला, स्वतःच गळ्याभोवती कापड बांधलं आणि मान मागे टाकली.

बाकावरची गिऱ्हाइकं उभी राहिली.

“भीती नाही वाटत?” धाकट्याने विचारलं.

“वाटते. म्हणून तर डोळे मिटलेत.”

धाकट्याने कात्र्यांची पिशवी खाली ठेवली. ब्रश भिजवला आणि दादाच्या नाकापर्यंत फेस माखला.

“आता हलायचं नाही,” तो म्हणाला. “आणि मला शिकवायचं तर अजिबात नाही.”

मित्रांनो, पुस्तकांना ओल्या हातांनी धरू नका, आमची पानं चिकटतात. पण कुणाचं मन दुखावलं असेल, तर आधी सगळं वाचून होऊ दे म्हणून थांबू नका. मला तिथेच उघडं टाका आणि जा.