दोन घास

पहिली ओळ : कुठे निघालात?

बूट हातात धरून जावई जिना उतरला. सातवी पायरी वाजते, म्हणून ती त्याने गाळली. खाली डाव्या हाताला सासऱ्यांचं शिवणाचं दुकान. तिथून मशीनचा आवाज येत होता, म्हणजे सासरे मान खाली घालून बसले होते. उजव्या हाताला मागच्या बोळाचं दार. त्याची कडी त्याने दोन बोटांनी उचलली, डोळ्यातला कण काढावा तशी.

"काय जावईबापू, कुठे निघालास?"

बोळात इस्त्रीवाल्या मावशी निखारे फुंकत उभ्या होत्या.

"कामावर," तो म्हणाला. मग राहवेना. "मावशी, चौदा महिने मी रोज याच वेळी कामावरच जातो."

"हो, माहितीये मला."

"मग विचारता कशाला?"

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "मग काय विचारू?"

तो खाली बसून बूट चढवू लागला.

"आणि बूट हातात का रे? चावतात?"

चौकातल्या चष्म्याच्या दुकानात तो डोळे तपासायचा. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, सगळ्यात वर मोठी ओळ, खाली लहान होत जाणाऱ्या. गिऱ्हाइकाने दिसतं तेवढंच वाचायचं. अंदाजाने वाचलं की नंबर चुकतो, आणि मग महिनाभर त्याचं डोकं दुखतं. विचारणाऱ्याला खरं उत्तर मिळावं, यावर त्याचा सगळा धंदा उभा होता. त्याच्या देशात एकाच इमारतीत नऊ वर्षं राहून त्याला शेजाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं, आणि त्या दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लिफ्टमध्ये दोघं आपापल्या बुटांकडे बघायचे. इथे एक गल्ली ओलांडायची म्हणजे तोंडी परीक्षा.

दुसरी ओळ : तब्येत काय म्हणते?

सुरुवातीला तो सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायचा. नीट, सविस्तर.

समोरच्या बाकावर निवृत्त पोस्टमास्तर वर्तमानपत्र घेऊन बसलेले असत. एकदा त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय, तब्येत काय म्हणते?"

"बिघडलीये," तो म्हणाला. "काल दुपारपासून चार वेळा."

पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. संध्याकाळपर्यंत जिन्यात एक पूड, एक काढा आणि एका बाटलीत कसलंसं तेल येऊन बसलं होतं. तेल प्यायचं की चोळायचं, हे शेवटपर्यंत कोणालाच सांगता आलं नाही. त्यानंतर आठवडाभर गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच चौकशी होती :

"आज किती वेळा?"

त्या आठवड्यात तो बूट हातात घ्यायला शिकला.

तिसरी ओळ : मग, गोड बातमी कधी?

पगार किती, भाडं देता की फुकट राहता, केस मुळातच असे की गळाले, वजन वाढलं वाटतं, आणि शेवटी, मान तिरकी करून, गोड बातमी कधी. रविवारी दुपारी तो हे सगळं बायकोला बोटांवर मोजून दाखवत होता. एरवी ती हसायची. त्या दिवशी ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि घालतच राहिली.

"पुलापलीकडे एक खोली पाहिलीये मी," ती म्हणाली. "शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगायचंय."

"का? मला इथे बरं वाटतं. प्रश्न सोडले तर."

"बाबा तुझ्याशी बोलत नाहीत. चौदा महिने झाले."

"तेच तर बरं वाटतं."

तिने हातातला शर्ट खाली ठेवला.

"म्हणजे?"

"या गल्लीत एकच सभ्य माणूस आहे. त्यांनी मला आजवर एकही प्रश्न विचारला नाही."

"सभ्य? माझे बाबा? अरे, रस्त्यात अनोळखी माणसाला अडवून विचारतात ते, ही विजार कोणी बिघडवली म्हणून!" ती हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. "'त्यांना सांग, जिन्यातला दिवा बंद करा.' 'बाबांना सांग, केला.' तुम्हा दोघांच्या मधे माझं टपालखातं झालंय. आणि तिकीटसुद्धा कोणी लावत नाही."

"पण का बोलत नाहीत?"

"मी विचारलं की मशीन जोरात चालवतात."

रांधायचे सासरेच. दोन ताटं वर यायची, स्वतःचं ते खाली दुकानात घ्यायचे. सकाळी जिन्याच्या कठड्यावर जावयाचा डबा तयार असायचा. माणूस मात्र दिसायचा नाही. जावयाला ही मोठी सोय वाटत आली होती. आता त्याने बायकोकडे पाहिलं. ती वडिलांच्या शर्टाची बाही सरळ करत होती. सरळ झालेली बाही तिने पुन्हा सरळ केली, आणि मग पुन्हा. या घरात ती जन्मली होती. पाव नंबरचा फरक ओळखणाऱ्या माणसाला ही ओळ चौदा महिने दिसली नव्हती.

चौथी ओळ : (कोरी)

सोमवारी संध्याकाळी तो आपण होऊन मावशींपाशी थांबला. बूट पायात होते.

"मावशी, माझे सासरे मला काही का विचारत नाहीत?"

मावशींनी इस्त्री उभी केली.

"तुला ठाऊक नाही? अरे, तू त्यांचं नाक कापलंस ना."

"मी?"

"पहिल्या दिवशी. आठव जरा. तू सकाळी गाडीतून उतरलास. बायको गेल्यापासून त्या माणसाने मुलीला स्वतःच्या हाताने रांधून मोठं केलं. त्या दिवशी तर पहाटेपासून चुलीपुढे होते. मला तीनदा विचारून गेले, मावशी, या लोकांना तिखट चालतं का. दुपारी तू खाली आलास. सगळी गल्ली तुला बघायला जमलेली, तुझी बायको वर सामान लावतेय. आणि त्यांनी तोंडभरून विचारलं, 'काय जावईबापू, जेवलात का?' तू काय म्हणालास?"

त्याला आठवलं. प्रवासाने भूक मेली होती. प्रश्न आला तसा त्याने मनातल्या मनात हिशेब करून, खरं तेच सांगितलं होतं.

"नाही," तो आता हळूच म्हणाला. "दोन घास."

"हां. भर गल्लीत. पोस्टमास्तर काय हसले! 'शिंपीबुवा, जावयाला उपाशी ठेवलंत की हो!' ते तेव्हा आत गेले ते गेलेच."

"पण मावशी, खरंच दोनच घास..."

"तुझे घास मोजायला सांगितलं होतं कोणी?"

"मग काय विचारलं होतं?"

मावशींनी निखाऱ्यांवरची राख फुंकली. आजवर हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

"विचारलं काहीच नव्हतं रे. गल्लीला सांगत होते, हा आमचा."



"मी माफी मागतो त्यांची."

"माग की. म्हणजे जे विसरलेत त्यांनाही आठवेल."

पाचवी ओळ : तुम्ही जेवलात का?

मंगळवारी तो पुढच्या दाराने, सातव्या पायरीवर मुद्दाम पाय देऊन उतरला. दुकानाच्या उंबऱ्यापाशी थांबला.

"बाबा, जेवलात का?"

सासऱ्यांनी मशीन जोरात चालवलं.

बुधवारी त्याने जाताना विचारलं आणि येतानाही विचारलं. मधल्या वेळात गल्लीवर सराव केला. कुठे निघालास? इथेच. तब्येत? मजेत. गोड बातमी? बघू की. पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्र खाली करून त्याच्याकडे रोखून पाहिलं. "बरं नाहीये का?" ते म्हणाले. "आज काहीच सांगत नाहीयेस."

गुरुवारी तो विचारायला थांबला तेव्हा मशीन क्षणभर थांबलं. पुन्हा सुरू झालं. दुकानात शिरणाऱ्या उजेडात त्याला दिसलं : सासरे सुई हात लांब करून धरत होते, दोरा ओठांत ओला करत होते, आणि दोरा दर वेळी सुईच्या शेजारून जात होता. किमान दोनचा नंबर. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

शुक्रवारी बायको वर आली ती रडवेली होऊन. "बाबांनी निरोप दिलाय. त्यांना सांग, दारात उभे राहू नका, उजेड अडतो." तिने खोलीच्या मालकिणीचा पत्ता लिहिलेला कागद पर्समध्ये टाकला.

सहावी ओळ : जेवलास का?

शनिवारी चष्म्याच्या दुकानात एका शाळेची मुलं डोळे तपासायला येणार होती, म्हणून तो घाईत निघाला. बूट घालायला डबा सातव्या पायरीवर ठेवला, आणि तो तिथेच राहिला. शहाऐंशी मुलं. दिवसभरात एक कप चहा. चार वाजता तो गल्लीत शिरला तेव्हा पोटात कावळे ओरडत होते आणि डोळ्यांपुढे अक्षरं तरंगत होती.

गल्ली भरलेली होती. मावशी नेमका पोस्टमास्तरांचाच शर्ट इस्त्री करत होत्या आणि पोस्टमास्तर बाकावरून त्यांना सूचना देत होते. दुकानाच्या दारात शिवायला टाकलेल्या कपड्यांसाठी दोघं-तिघं थांबलेली. जिन्यातून बायको उतरत होती. खांद्याला पर्स, पायात बाहेर जायच्या चपला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली : निघते.

तो उंबऱ्यापाशी गेला. उजेड अडू नये म्हणून बाजूला सरला.

"बाबा, जेवलात का?"

मशीन थांबलं. सासऱ्यांनी दाताने दोरा तोडला. जिन्याकडे पाहिलं, मुलीच्या चपलांकडे पाहिलं. मग चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे.

"जेवलो," ते म्हणाले. आणि मग आवाज चढवून, बाकापर्यंत जाईल इतका, "तू? जेवलास का?"

पोस्टमास्तरांचं वर्तमानपत्र खाली आलं. मावशींचा हात थांबला.

एक कप चहा. सकाळी नऊ वाजता. साखर अर्धा चमचा. खरं उत्तर जिभेवर येऊन बसलं होतं. जावयाने ते गिळलं. दिवसभरात पोटात गेलेलं तेवढंच.

"जेवलो की, बाबा!" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेला. "पोटभर. तुमच्या हातचं असलं की दोन घास जास्तच जातात."

मग पोस्टमास्तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "तरीच म्हटलं, वजन का वाढतंय!" आणि गल्ली हसली. हे हसणं त्या दिवसासारखं नव्हतं. दारातून कोणीतरी म्हणालं, "शिंपीबुवा, याला आमच्या घरी पाठवा की जरा, आमचा जावई नुसता खुर्चीवर बसून असतो!"

"मावशी, माझा शर्ट!" पोस्टमास्तर पुढच्याच क्षणी ओरडले. जळका वास सगळ्यांना एकदमच आला होता. मावशींनी इस्त्री उचलली, पण खिशाच्या जागी तिकोनी तपकिरी डाग उमटला होता. "ओरडता काय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "शिंपी समोरच बसलाय. खिसा लावून घ्या नवीन."

सासरे हसले नाहीत. त्यांनी सुई आणि दोरा जावयापुढे धरला.

"हे जरा ओवून दे. सकाळपासून भोक सापडत नाहीये."

तो आत गेला. चौदा महिन्यांत या दुकानात त्याने पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं. सुई उजेडाकडे धरताना त्याला सासऱ्यांच्या मागची फळी दिसली. तिथे कापडाच्या तुकड्यांच्या मधे, मोजपट्टीच्या वेटोळ्याखाली, त्याचा डबा होता. सकाळी जसा बंद होता तसाच.

सासऱ्यांनी त्याची नजर कुठे गेली ते पाहिलं. हात मागे नेऊन त्यांनी एक अस्तराचं कापड ओढलं आणि डब्यावर टाकलं.

जावयाला डबा दिसला नाही. त्याने एका फटक्यात दोरा ओवला.

"आत चुलीपाशी ये," सासरे पुटपुटले, फक्त त्याला ऐकू जाईल असं. "हात धू आधी. गरम करतो."

सातवी ओळ

मग त्यांनी जिन्याकडे मान वळवली.

"काय गं, कुठे निघालीस?"

"कुठे नाही, बाबा," ती म्हणाली. "इथेच." आणि चपला काढल्या.