राखलेलं गवत

बायको मंजुषा वारल्यापासून ललितच्या आठवड्यात धड दिवस एकच उरला होता, रविवार. बाकीचे नुसते ढकलायचे. नाशिकजवळ मखमलाबादला गुलाबाचा मळा होता, गडी होते, माल वेळेवर मार्केटला जात होता. पण घरात हाक मारायला माणूस नाही. मुलगी निकिता लग्न होऊन नागपूरला गेलेली. रविवारी मात्र राज, रोहित आणि गोरक्ष आपापल्या जिपा घेऊन फाटकाशी हॉर्न वाजवायचे, आणि हा पन्नाशीचा गृहस्थ सहलीला निघालेल्या पोरासारखा आधीपासूनच तयार असायचा.

चौघंही मळेवाल्यांची पोरं, शाळेपासूनचे दोस्त. दोन हजार सालाच्या आसपास त्यांना हे जुन्या जिपांचं वेड लागलं आणि पेठकडच्या डोंगरांत त्यांची भटकंती सुरू झाली. ललित तिथंही मास्तरकी करायचा. चिखल आला तर चिखलातूनच काढा, बाजूनं नवी वाट पाडू नका. ओल्या गवतावर चाक घालू नका, चर पडतो आणि पुढच्या पावसात माती वाहून जाते. "आले आमचे फॉरेस्टवाले," राज म्हणायचा. हसायचे, पण ऐकायचे बिचारे.

त्या भाद्रपदात ते पेठच्या अलीकडे एका पठाराशी पोचले. वर कमरेएवढं गवत, मध्ये सोनकीचा पिवळा सडा. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी बांध, आणि तोंडाशी बोरीची काटेरी फांदी आडवी टाकलेली, वर दगड. ललितची जीप पुढे होती. तो थांबला.

राज मागून चालत आला. "वाऱ्यानं पडली असेल," म्हणाला आणि फांदी ओढून बाजूला केली.

आता काय म्हणावं या माणसाला! दसऱ्याच्या तोंडावर याच्या स्वतःच्या झेंडूच्या बांधावर अशीच फांदी असते, आणि कुणाची शेळी आत शिरली तर हा तिच्या मालकाच्या सात पिढ्या उद्धारतो.

"वारा वर दगड ठेवतो का रे?" ललित म्हणाला. "गावानं गवत राखलंय. कापणीपर्यंत स्वतःची गुरं सोडत नाहीत ते, आणि आपण चाकं घालायची?"

"एक चक्कर मारली तर गाव काय उपाशी मरणार आहे? जीप पुढे घे, नाहीतर बाजूला हो."

आपण काय गमावून बसणार, हे ललितला पुरतं ठाऊक होतं. त्यानं रोहितकडे पाहिलं, गोरक्षकडे पाहिलं. एक सिगारेट पेटवत होता, दुसरा डोंगर बघत होता. मग त्यानं जीप वाटेच्या तोंडाशी आडवी लावली, किल्ली खिशात टाकली आणि फांदी उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

राज चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "बस मग राखण करत." तिन्ही जिपा मागं मागं जात वळल्या आणि निघून गेल्या.

राग दोन दिवसांत ओसरेल, असं ललितला वाटलं. पुढच्या रविवारी तो आवरून बसला. उन्हं वर आली तरी हॉर्न वाजला नाही. शेवटी मानापमान गुंडाळून त्यानं राजच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोनं, भाग्यश्रीनं, उचलला.

"अहो ललितभाऊ, तुम्ही घरीच? हे तर केव्हाच गेले. तुमच्या वाटणीच्या भाकरी दिल्यात मी डब्यात. ठेचाही दिलाय, तुम्हाला आवडतो ना."

म्हणजे राजनं घरात काही सांगितलंच नव्हतं. डबा मुकाट्यानं घेतला आणि गेला.

"हो, जरा उशीर झाला मला," तो म्हणाला. "गाठतो मी त्यांना."

"सावकाश जा हं."

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. कशाला नडलो, गवत काय आपल्या बापाचं होतं? पण उद्या पुन्हा ती फांदी दिसली तर आपण पुन्हा तसंच करणार, हेही त्याला कळत होतं, आणि त्यानं तर जास्तच एकटं वाटलं. भाग्यश्रीला सांगितलंय तर निघायला हवं म्हणून त्यानं जीप काढली, फाटकापर्यंत आणली आणि कुठल्या बाजूला वळायचं हे ठरवत तिथंच बसून राहिला.