खोक्यात न मावणारी गोष्ट

घरं हलवून देणाऱ्या कंपनीत सामान बांधणाऱ्या त्या बाईला सगळे पट्टीमावशी म्हणत, कारण चिकटपट्टीचं भेंडोळं बांगडीसारखं कायम तिच्या मनगटात असायचं. वीस वर्षं खोकी उचलून तिच्या कमरेनेच आता हात टेकले होते. मुकादम झाली तर उचलाउचल सुटणार होती. पण मुकादमाला इंग्रजी याद्या सांभाळाव्या लागत, म्हणून आधी साहेबांसमोर तोंडी परीक्षा. मावशी एकदा आपटली होती. दुसरी संधी सोमवारी होती, तिसरी नव्हतीच.

घोडं अडलं होतं ॲबस्ट्रॅक्ट नाउनपाशी. "भाववाचक नाम गं मावशी, ज्याला हात लावता येत नाही ते," असं तिच्या शिक्षिका भाचीने शिकवलं होतं. मावशीने त्याला आपल्या धंद्याची फूटपट्टी लावली: जे खोक्यात जात नाही ते. साहेबांना तिने ठणकावून उदाहरणं दिली होती: जिना, भिंत, अंगण. साहेब इतके हसले की त्यांचा चहा सांडला.

"अगं, भिंतीला हात लागतो ना!" भाचीने कपाळ बडवलं.

"मग वास? नव्या रंगाचा?"

"तो नाकाला कळतो."

"हाताला नाही, नाकाला नाही, मग ते आहे हे कळतं तरी कोणाला?"

"माणसाला," भाची म्हणाली. "ऑनेस्टी, काइंडनेस, हॅबिट म्हणजे सवय. पाठ कर बघू."

पण मावशी काही पोपट नव्हती. दिसत नाही तरी लोकांनी नाव दिलंय, म्हणजे ते कुठेतरी असणारच आणि आपण ते एकदा बघायचंच, असं तिने मनाशी घेतलं.

शनिवारी एका निवृत्त नर्सबाईंचं घर हलवायचं होतं. एकट्याच राहत होत्या. सामान चढलं की एकाने प्रत्येक खोलीत जाऊन चारही भिंतींना हात लावायचा आणि "काही नाही!" असं ओरडायचं, ही कंपनीची रीत. मावशी ओरडली. पण बाई शेवटच्या खुर्चीवरून उठेचनात.

"काहीतरी राहिलंय," त्या म्हणाल्या.

मावशीने कपाटं, माळा, सगळं पुन्हा पालथं घातलं. "केवढं आहे? लाकडी की काचेचं?"

"तेच तर आठवत नाही हो."

खाली ट्रकवाला हॉर्न बडवत होता. मावशीला मात्र राहवेना. ती बाईंसमोर फरशीवरच बसली. चार वाजले तशा बाई उठल्या, रिकाम्या स्वयंपाकघरात गेल्या आणि रिकाम्या फळीवरून एक कप काढावा तसा हात वर केला. मग दुसरा हात. दोन्ही हात तसेच राहिले.

"चारला हे यायचे कामावरून," त्या म्हणाल्या. "त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तरी रोज दोन कप निघतातच माझ्याकडून."

मावशीला बाईंसाठी वाईट वाटलं, आणि हाताला न लागणारं ते सापडलं म्हणून आनंदही झाला, त्याची तिला लाज वाटली. ती खाली गेली, ट्रकवाल्याच्या शिव्या खात बांधलेलं खोकं फोडलं आणि दोन कप वर आणले. बाईंनी दोन्हींत नळाचं पाणी भरलं, एक प्यायल्या, दुसऱ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग स्वतःच म्हणाल्या, "चला."

सोमवारी साहेबांनी चहा जरा लांब सरकवूनच विचारलं, "हं, एक ॲबस्ट्रॅक्ट नाउन?"

"हॅबिट."

"हात लावता येतो?"

"नाही साहेब. पण त्याला कप लागतो." आणि मावशीने सगळं सांगितलं. या वेळी साहेब हसले नाहीत.

मुकादम म्हणून पहिल्या घरी मावशी फक्त यादी घेऊन गेली. पहिलं खोकं बांधून झालं आणि तिची कंबर आपसूक वाकली, हात खोक्याखाली गेले.

"मावशी, आता नाही!" सगळे ओरडले.

ती सरळ झाली. कंबर दुखत नव्हती, पण हात कुठे ठेवावेत हे काही केल्या तिला कळेना.