घरी न्यायचा कागद

माझा आवाज नदीच्या या काठावरून त्या काठाला जातो. कान थो शहरातल्या होड्यांच्या बाजारात वीस वर्षं अननस विकलेत मी, भोंगा कधी लावला नाही. नवरा सोडून गेला तोसुद्धा कान दुखतात म्हणून. आणि अशा बाईला नशिबानं शिक्षा कसली द्यावी, तर कुजबुजायची!

लुआन माझा पाठचा भाऊ. होड्या दुरुस्त करतो. जुन्या फळीचा खिळा टाचेत घुसला, तर पठ्ठ्यानं वर तंबाखू दाबली आणि परत कामाला लागला. नवव्या दिवशी जबडा मिटला तो मिटलाच. धनुर्वात. आज एकोणीस दिवस तो अतिदक्षता विभागात पडून आहे. गळ्याला भोक पाडून नळी घातलीय, श्वास मशीन देतं. पडदे ओढलेले. नुसतं भांडं पडलं, कुणी मोठ्यानं बोललं, तरी त्याचं अख्खं अंग ताठ होतं, पाठ गादीवरून उचलली जाते. म्हणून दुपारी अर्धा तास एकालाच आत सोडतात, तेही तोंड बंद ठेवून. मी पायाशी उभी राहते आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालते. मेल्या, पायात चप्पल घालायला काय झालं होतं तुला?

डॉक्टर खुएबाई आडपडदा ठेवत नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, "पाच-सहा आठवडे लागतील. रक्तदाब वरखाली होतोय, हृदय कधीही दगा देऊ शकतं. पण यातून तरला तर चालत घरी जाईल."

मी "चालत" ऐकलं. माझ्या साऊ काकांनी "कधीही" ऐकलं.

आमच्याकडे माणसाला घरातच जीव सोडावा लागतो. बाहेर मेला तर भुतं मागून येतात म्हणून त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. शवपेटी अंगणात, ताडपत्रीखाली राहते. म्हणून लोक दवाखान्यात एक कागद लिहून देतात, की आम्ही आमच्या मर्जीनं पेशंटला घरी नेतोय. वाटेत हातानं रबरी पिशवी दाबून श्वास द्यायचा. घरी नेऊन निजवलं, देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली, की पिशवी काढायची.

तो कागद घेऊन काका आज दुपारी, भेटीच्या वेळेआधीच आले. सोबत पिशवी दाबणारा एक माणूसही आणला होता. गाडी खाली उभी. कागदावर सही तेवढी सख्ख्या नात्याची हवी. आईबाप गेलेले, लुआनला बायको नाही, म्हणजे उरले मी.

"थाम, सही कर," काका म्हणाले. "पुढची खोली रिकामी केलीय. चटई घातलीय."

"तो जिवंत आहे, काका."

"हळू बोल!"

"हळूच बोलतेय! यापेक्षा हळू बोलले तर मला पुरावं लागेल!"

विभागाचं दार आमच्यापासून चार पावलांवर. आमचं सगळं भांडण कुजबुजत चाललेलं. नुसते ओठ, डोळे आणि हातवारे. चटयांवर बसलेले बाकीच्यांचे नातेवाईक भाताचे डबे हातात धरून बघत होते. फुकटचा तमाशा, त्यांना तरी दुसरी करमणूक काय?

"डॉक्टरीणबाईच म्हणाल्या ना, कधीही जाईल?" काका म्हणाले.

"कधीही तर तुम्हीसुद्धा जाल. सत्त्याहत्तर वर्षं झाली. तुम्हाला आत्ताच आडवं करू का त्या चटईवर?"

एक म्हातारी खुदकन हसली. काकांचा चेहरा लालबुंद झाला.

"तुझी जीभ आहे की कोयता गं? अख्ख्या घराण्याचं बघायचं असतं मला. तो इथं गेला तर त्याला कुठं ठेवायचं, सांग ना!"

"घरात."

"घरात?"

"घरात. मधल्या खोलीत, देव्हाऱ्यासमोर. बाबा नदीत बुडाले तेव्हा मी दहा वर्षांची होते. तीन दिवस तुम्ही त्यांना अंगणात ठेवलंत. आई चिखलात बसून होती. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता आणि तुम्ही दार लावून आत बसला होतात. तेव्हा मी गप्प बसले. आता नाही बसणार. काय भुतंखेतं यायची ती येऊ देत, मी बघून घेईन त्यांना. पण तुमच्या उंबऱ्यासाठी माझ्या भावाचा श्वास काढू देणार नाही. नाही म्हणजे नाही. हात तोडलात तरी सही मिळणार नाही."

ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

दार उघडून नर्स डोकावली, आमच्याकडे डोळे वटारून परत आत गेली. काका भिंतीला टेकले आणि खाली बसत गेले.

"मलाही ऐकू येत होता तो पाऊस," ते म्हणाले. "माझा सख्खा भाऊ बाहेर, आणि मी आत. आजोबांनी सांगितलं, मी दार लावलं. चौतीस वर्षं झाली, थाम. लुआनला तरी घरात घ्यावं म्हणून आलो मी. त्याला मारायला आलो असं वाटलं तुला?"

मला तसंच वाटलं होतं.

"मग दार उघडं ठेवा," मी म्हणाले. "घरातले मोठे तुम्ही आहात आता. तुम्हाला कोण विचारणार आहे?"

काकांनी कागदाची चौकोनी घडी घातली, आणखी एक घातली, आणि पिशवीवाल्याला हातानं खूण केली. "जा बाबा तू. गाडीही ने."

भेटीची वेळ झाली. मी उठले तर काकांनी माझी बाही धरली. "आज मी जाऊ?"

एकोणीस दिवसांत मी तो अर्धा तास कुणाला दिला नव्हता. दिला. "तोंड उघडायचं नाही," मी बजावलं. "रडू आलं तर आधी बाहेर यायचं."

ते बरोबर अर्ध्या तासानं बाहेर आले, डोळे कोरडे ठेवून. अंगावरचा हिरवा झगा काढून नर्सला दिला आणि माझ्याजवळ बसले.

"पायाची नखं केवढी वाढलीत त्याची," ते कुजबुजले. "कापायला नकोत?"

"हात लावायचा नाही सांगितलंय. अजून तीन आठवडे तरी."

"मग थांबतो," काका म्हणाले. "सरक जरा."